हिंगोलीत रेडिओवर काय लागते?

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली, पण कार्यक्रम तयार करणारे आकाशवाणी केंद्र काही आले नाही. रेडिओपुरते हिंगोलीचे नाते जुन्याच दोन गावांशी राहिले. मध्यम लहरींवर परभणी, १३०५ किलोहर्ट्झ. एफएमवर नांदेड, १०१.१ मेगाहर्ट्झ. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांतल्या पावणेबारा लाखांच्या वस्तीचा आपल्या भाषेतला, आपल्या पिकांबद्दल बोलणारा रेडिओ म्हणजे प्रामुख्याने ही दोन केंद्रे.

आता देशभर डिजिटल रेडिओची चर्चा आहे. धोरणे लिहिली जात आहेत, गाड्यांमध्ये नवे रेडिओ बसून येत आहेत. अशा वेळी हिंगोलीच्या माणसाचा प्रश्न अगदी साधा असतो. माझ्या गावात, माझ्या आखाड्यावर, माझ्या घरात नेमके काय लागते? उद्या डिजिटल आले तर काय लागेल, आणि आज लागते त्यातले काय बंद पडेल? या प्रश्नाला गाववार उत्तर देणारी यादी श्रोत्याच्या हाती नाही. ती नसल्यामुळे रेडिओचे निर्णय श्रोत्याला वगळून होतात, हे या आढाव्याचे मुख्य म्हणणे आहे.

यादी म्हणजे काय, ते आधी पाहू. एक यादी असते प्रक्षेपकांची. कोणत्या गावी, किती शक्तीचा, कोणत्या लहरीवर प्रक्षेपक आहे, ते तिच्यात कळते. ही यादी करणे सोपे आहे आणि ती जुन्या काळापासून होत आली आहे. १९३५ साली सुरू झालेल्या 'द इंडियन लिसनर' या नियतकालिकात केंद्रांचे कार्यक्रम आणि त्यांच्या लहरी छापून येत. परदेशात 'वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक' १९४७ पासून जगभरच्या केंद्रांची जंत्री देत आले. दुसरी यादी असते ऐकणाऱ्याच्या जागेची. तिच्यात मनोऱ्याचा पत्ता नसतो, गावाचे नाव असते, आणि त्या गावात सकाळी, दुपारी, रात्री काय स्वच्छ ऐकू येते, काय खरखरत येते, काय येतच नाही, हे असते. पहिल्या यादीवरून दुसरी आपोआप निघत नाही. मध्ये जमीन असते, टेकड्या असतात, दिवस आणि रात्र असते, शेजारच्या घरातला इन्व्हर्टर असतो.

नांदेडचेच उदाहरण घ्या. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने काही अंतरानंतर मनोरा क्षितिजाखाली जातो आणि आवाज विरत जातो. हे अंतर काढण्याचे एक सोपे गणित आहे. मनोऱ्याच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ घ्यायचे, ऐकणाऱ्याच्या एरियलच्या उंचीचेही घ्यायचे, दोन्हींची बेरीज करून ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. मनोरा १०० मीटरचा धरला आणि रेडिओ जमिनीपासून दीड मीटरवर ठेवला, तर सुमारे ४६ किलोमीटर. तोच रेडिओ ९ मीटर उंचीच्या गच्चीवर नेला तर सुमारे ५४.

आता नकाशावर पट्टी ठेवा. नांदेडपासून वसमत सरळ रेषेत साधारण २५ किलोमीटर, म्हणजे अगदी आतल्या वर्तुळात. वसमतच्या हळदीच्या बाजारात १०१.१ खणखणीत यायला हवे, आणि नांदेडच्या खासगी एफएमचाही वाटा वसमतला मिळतो. कळमनुरी ५८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कडेवर. हिंगोली शहर ६५, म्हणजे क्षितिजापलीकडे. तिथे आवाज अजिबात पोहोचत नाही असे नाही. लहरी टेकडीच्या कडेवरून थोड्या वाकतात, हवामान अनुकूल असले की लांबही जातात. पण आज आले ते उद्या येईल याचा भरवसा नसतो. सेनगाव तर नांदेडपासून ८० किलोमीटरहून दूर. एका जिल्ह्याला एकच ओळ लिहून भागत नाही, ते यामुळे. 'हिंगोली जिल्हा : नांदेड एफएम' असे कोणी छापले तर ते वसमतकरासाठी खरे आणि सेनगावकरासाठी खोटे.

परभणीचे चित्र वेगळे आहे, कारण मध्यम लहरींचा स्वभावच वेगळा. दिवसा त्या जमिनीला धरून चालतात. जमीन विजेची जितकी चांगली वाहक, तितक्या त्या लांब जातात. खडकाळ, कोरड्या जमिनीवर लवकर थकतात; ओलाव्याच्या काळ्या मातीवर पुढे सरकतात. मराठवाड्याची काळी या बाबतीत रेडिओला साथ देणारी आहे. परभणीचा प्रक्षेपक २० किलोवॅटचा. औंढा तिथून सरळ रेषेत ४० किलोमीटर, सेनगाव ६० च्या आत, हिंगोली ६५ च्या आसपास. दिवसा ही सगळी गावे १३०५ च्या टप्प्यात येतात. मध्यम लहरीला टेकडी आडवी येत नाही. औंढ्याच्या डोंगराळ भागात किंवा सेनगावकडच्या चढउतारात एफएम दबते तिथेही ती पोहोचते. जिल्ह्याच्या पश्चिम आणि उत्तर भागाला परभणीचा आधार आहे तो या गुणामुळे.

रात्री मात्र गणित फिरते. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून रात्री दूरदूरची केंद्रे अवचित लागतात, आणि त्याच कारणाने परभणीच्या लहरीवर लांबची कुजबुज चढते. जुन्या पिढीने रात्री काटा फिरवत दूरची केंद्रे ऐकली ती या थराच्या कृपेने. आजच्या श्रोत्याला मात्र रात्री घरचे केंद्र घोळते याची नोंद यादीत हवी. दुपारी लागते म्हणून रात्री लागेल असे गृहीत धरता येत नाही.

यादी वाचताना एक खूण उपयोगी पडते. आपल्याकडे मध्यम लहरींच्या केंद्रांमध्ये नऊ-नऊ किलोहर्ट्झचे अंतर ठेवलेले आहे आणि प्रत्येक आकडा नऊने भागला जातो. परभणीचा १३०५ म्हणजे १४५ वेळा नऊ. नागपूरचा ५८५, पुण्याचा ७९२, मुंबईचे ५५८ आणि १०४४, हैदराबादचा ७३८, सगळे नऊच्या पाढ्यातले. कोणी दिलेला आकडा नऊने भागला जात नसेल, तर एक तर लिहिण्यात चूक आहे किंवा तो डिजिटल प्रक्षेपणाचा बाजूचा आकडा आहे.

परभणी लावताना अनेक जण हाताशी असलेला उपाय करत नाहीत. ट्रान्झिस्टरच्या आत मध्यम लहरींसाठी काळ्या फेराइटची एक कांडी असते. तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते, आणि बहुतेक सेटमध्ये ती वरच्या कडेला आडवी बसवलेली असते. ही कांडी दिशा ओळखते. तिची लांबी केंद्राच्या दिशेला आडवी असली की आवाज सर्वांत जोरकस, टोक केंद्राकडे झाले की आवाज बसतो. बाहेर काढायच्या दांडीचा इथे काही संबंध नाही, ती एफएमसाठी. आखाड्यावर खुंटीला टांगलेला रेडिओ खरखरतो म्हणून माणूस दांडी वर-खाली करत राहतो आणि शेवटी बंद करतो. हिंगोलीकडून परभणी नैर्ऋत्येला. रेडिओ खुंटीवरून काढून ज्वारीच्या पोत्यावर ठेवा, हळूहळू एक पाव वळसा द्या. खरखर मागे जाते आणि बाजारभाव सांगणारा आवाज पुढे येतो. याच कांडीने नको असलेले केंद्रही मारता येते. रात्री दुसरे केंद्र चढत असेल तर त्याच्याकडे टोक करायचे.

खरखरीचे दुसरे कारण घराघरात आले आहे. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांच्यातली वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्यातून मध्यम लहरींच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. वीज गेली की परभणी अचानक स्वच्छ लागते, हे अनेकांनी अनुभवले असेल. दोष केंद्राचा नसतो. पण गावात दहा जणांनी 'आता परभणी लागत नाही' म्हटले की ते केंद्र मोडीत निघाल्याचा समज पक्का होतो. मध्यम लहरी जुनाट झाल्या, बंद करा, अशी मागणी शहरातून होते तेव्हा हा समज पुराव्यासारखा वापरला जातो.

आता डिजिटल. आधी बाजारातला एक गोंधळ दूर करायला हवा. दुकानात किंवा ऑनलाइन 'डिजिटल रेडिओ' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त सेटवर फक्त आकडे दाखवणारी पाटी डिजिटल असते. काट्याऐवजी १०१.१ असा आकडा उमटतो, बटण दाबले की केंद्र शोधले जाते, पेनड्राइव्ह चालतो. ऐकू येते ते मात्र जुनेच अॅनालॉग प्रक्षेपण. खरा डिजिटल रेडिओ म्हणजे केंद्रातून निघतानाच आवाजाचे आकडे झालेले असतात, आणि ते आकडे उलगडणारी यंत्रणा सेटमध्ये असते. खोक्यावर डीआरएम असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो सेट भारतातले डिजिटल प्रक्षेपण घेणार नाही. लंडनच्या नातेवाइकाने आणलेला सेट डीएबी पद्धतीचा असतो, अमेरिकेतल्या गाड्यांमधला एचडी रेडिओ वेगळा. यातले काहीही हिंगोलीत डिजिटल म्हणून वाजणार नाही; एफएम तेवढे लागेल. पैसे खर्च करण्यापूर्वी एवढे माहीत असावे.

डीआरएम म्हणजे डिजिटल रेडिओ माँडियाल. आकाशवाणीने मध्यम आणि लघु लहरींसाठी ही पद्धत निवडली आणि गेल्या दशकात देशभर मध्यम लहरींचे पस्तीस प्रक्षेपक डीआरएमजोगे केले. तिचे गुण खरे आहेत. एकाच लहरीवर दोन-तीन कार्यक्रम बसतात, सोबत लेखी मजकूर पाठवता येतो, आवाज एफएमच्या जवळ जातो, आणि तेवढाच प्रदेश व्यापायला वीज कमी लागते. बहुतेक ठिकाणी जुने प्रक्षेपण बंद न करता शेजारच्या लहरीवर डिजिटल चालवण्याची सोय ठेवली. त्यामुळे जुना ट्रान्झिस्टर मुका होत नाही. मात्र एकाच प्रक्षेपकातून दोन्ही निघताना डिजिटलच्या वाट्याला शक्तीचा लहान हिस्सा येतो.

या पस्तिसांत हिंगोलीच्या वाट्याला काय येते? महाराष्ट्रात डीआरएम आहे ते मुंबईत आणि पुण्यात. शेजारी हैदराबाद, धारवाड आणि पणजी. परभणीचा त्यात समावेश नाही. हिंगोलीला सर्वांत जवळचे डिजिटल प्रक्षेपण हैदराबादचे, सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास. पुणे त्याहून दूर, मुंबई साडेचारशे किलोमीटरवर. रात्री आकाशातून परावर्तित होऊन एखादा तुकडा येईल, पण डिजिटलचा तुकडा कानाला उपयोगाचा नसतो. अॅनालॉग आवाज क्षीण होत जातो, खरखरीतूनही अर्धे वाक्य कळते. डिजिटल मात्र आकडे पुरे आले तर स्वच्छ आणि थोडे कमी पडले तर एकदम शांत. म्हणून कडेच्या गावांसाठी डिजिटलची यादी अधिक काटेकोर हवी. अॅनालॉगमध्ये 'बरे लागते' असा एक मधला रकाना असतो, डिजिटलमध्ये तो जवळजवळ नाहीच.

गाड्यांचा विचार केला तर विसंगती अधिक ठसठशीत होते. अलीकडच्या अनेक मोटारींत कारखान्यातूनच डीआरएम घेणारा रेडिओ बसून येतो, आणि अशा लाखो गाड्या देशात धावत आहेत. त्यातली एखादी गाडी औंढा नागनाथला दर्शनाला येते तेव्हा तिच्यात डिजिटल रेडिओ असतो, आसपास डिजिटल प्रक्षेपण नसते. उलट ज्या शेतकऱ्याला हळद काढणीच्या दिवसांत परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला हवा, त्याच्याकडे डीआरएम सेट नाही. सुटा डीआरएम सेट बाजारात सहज मिळत नाही आणि मिळतो तो साध्या ट्रान्झिस्टरच्या कित्येक पट किमतीला. प्रक्षेपण आधी की सेट आधी, या वादात वर्षे गेली. माझ्या मते या वादाचे उत्तर परभणीसारख्या केंद्रात आहे. महानगरांत एफएमची गर्दी असताना तिथे मध्यम लहरीवर डिजिटल ऐकायला नवा सेट कोण घेणार? जिथे एफएम पोहोचत नाही आणि मध्यम लहर पोहोचते, तिथे डिजिटलला खरा गिऱ्हाईक आहे. सुरुवात तिथून व्हायला हवी होती.

एफएमच्या पट्ट्यातले डिजिटल हा दुसरा अध्याय, आणि तोही शहरांचाच. २०२१ साली दिल्ली आणि जयपूर येथे डीआरएमच्या चाचण्या झाल्या, दिल्लीत एचडी रेडिओचीही झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने २०१८ साली डिजिटल रेडिओवर शिफारशी केल्या, सप्टेंबर २०२४ मध्ये खासगी केंद्रांसाठीच्या धोरणावर चर्चापत्र काढले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शिफारशी दिल्या. देशभर एकच तंत्र असावे, जुने आणि नवे प्रक्षेपण सोबत चालावे, एका लहरीवर एक अॅनालॉग, तीन डिजिटल आणि एक माहितीची वाहिनी असावी, हा त्यांचा गाभा. सुरुवात तेरा मोठ्या शहरांतून. त्यात महाराष्ट्राची तीन, मुंबई, पुणे आणि नागपूर. धंद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण त्या पुढची पायरीही लोकसंख्येनेच मोजली जाते. खासगी एफएमचा तिसरा टप्पा लाखावरच्या वस्तीच्या शहरांसाठी आखलेला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली. हिंगोली शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे ८५ हजार. लाखाच्या उंबऱ्याअलीकडे राहिलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणाला आणि त्याभोवतीच्या सातशेच्या आसपास खेड्यांना या हिशेबात जागाच नाही.

सार्वजनिक प्रसारणाने ही उणीव भरायची असते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने 'बाइंड' ही २,५३९ कोटींची योजना मंजूर केली. आकाशवाणीचे एफएम लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत आणि भूभागाच्या ५९ वरून ६६ टक्क्यांपर्यंत नेणे हे तिचे उद्दिष्ट. २८ एप्रिल २०२३ रोजी देशात एकाच दिवशी शंभर वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक सुरू झाले. छोट्या गावांसाठी हे पाऊल चांगलेच. परंतु शंभर वॅटचा प्रक्षेपक साधारण दहा-पंधरा किलोमीटरचे वर्तुळ धरतो, आणि असे प्रक्षेपक दुसरीकडचा कार्यक्रम पुढे पाठवतात. गावाच्या नावापुढे 'एफएम उपलब्ध' असे लिहिताना तिथून गावाबद्दल कोणी बोलते का, हाही रकाना हवा. आणि टक्केवारीबद्दल एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. ८० टक्के लोकसंख्या हा आकडा गाठला तरी उरलेले वीस टक्के कोणत्या गावात राहतात हे तो सांगत नाही. सेनगाव तालुक्यातल्या माणसाला आपण ऐंशीत की विसात, हे कळण्याचा मार्ग हवा.

जिथे डिजिटल रेडिओ रुळला, तिथे हा मार्ग आधी बांधला गेला. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९९५ साली डीएबी सुरू केले. या पद्धतीत एका लहरीवर अनेक केंद्रांचा गठ्ठा जातो, आणि राष्ट्रीय गठ्ठे वेगळे, स्थानिक वेगळे. श्रोता आकडा लावत नाही, केंद्राचे नाव निवडतो. त्यामुळे आपल्या भागात कोणता गठ्ठा पोहोचतो हे ठाऊक नसेल तर सेट घेऊन उपयोग नाही. म्हणून तिथे पोस्टकोड टाकला की त्या पत्त्यावर कोणती केंद्रे लागतील, घरात की फक्त घराबाहेर, हे सांगणारी सोय उभी राहिली. लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणारे मराठी कुटुंब सेट घेण्याआधी ते पाहू शकते. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय केंद्रांचे एफएम बंद केले, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारणाने २०२४ च्या अखेरीस. डोंगराळ देश असूनही हे करण्याआधी कोणत्या दरीत काय पोहोचते याची मोजणी त्यांनी केली होती. आपल्याकडे पिनकोड आहे, गावाचा जनगणना क्रमांक आहे, सातबारा मोबाइलवर आला आहे. गावाच्या नावापुढे रेडिओचा रकाना भरणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

आज हिंगोलीत डिजिटल रेडिओ खरोखर पोहोचतो तो हवेतल्या रेडिओलहरींवरून नाही, दोन आडवाटांनी. एक मोबाइल. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर या ॲपवर आकाशवाणीची दोनशेहून अधिक प्रसारणे आहेत. पुण्यात किंवा दुबईत कामाला गेलेला मुलगा त्यावर घरच्या भागातले केंद्र ऐकू शकतो, आणि ही सोय मोलाची आहे. दुसरी वाट डीडी फ्री डिश. जीसॅट-१५ उपग्रहावरून येणाऱ्या या सेवेत दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्या काही वाहिन्याही येतात, महिन्याचे पैसे न भरता. पण ॲपला डेटा आणि मोबाइलचा टॉवर लागतो, फ्री डिशला टीव्ही आणि वीज. रात्री शेताला पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या हातात यातले कायम काय असते? मोबाइल असतो, आणि अनेक मोबाइलमध्ये एफएम घेणारी चिप आतच असते, ती चालू केलेली नसते. २०२३ साली केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने कंपन्यांना ती चालू ठेवण्याची सूचना केली. त्यातही एक अडचण आहे. मोबाइलचे एफएम हेडफोनच्या तारेला एरियल म्हणून वापरते, आणि नव्या मोबाइलमधून ते भोकच नाहीसे होत चालले आहे.

इंटरनेट आहे तर हवेतला रेडिओ कशाला, असा प्रश्न शहरात विचारला जातो. हिंगोलीकडे त्याला उत्तर आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, हादरे नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे गूढ आवाज लोक कित्येक वर्षे ऐकत आहेत. किल्लारीच्या भूकंपाची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. अशा सकाळी सगळे गाव एकाच वेळी मोबाइल लावते आणि जाळे गुदमरते. घरात परत जायचे की नाही, धक्का कुठे होता, अफवा कोणती, हे एका मनोऱ्यावरून लाखो माणसांना एकाच क्षणी सांगण्याची ताकद रेडिओत आहे. त्याला ऐकणाऱ्यांच्या संख्येने काही फरक पडत नाही. डीआरएममध्ये तर संकटाच्या वेळी सेटला आपोआप इशाऱ्याच्या प्रसारणाकडे वळवण्याची आणि मजकूर दाखवण्याची सोय आहे. ही सोय भूकंपाच्या नकाशावर असलेल्या जिल्ह्यांत आधी यायला हवी. याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळा येथे, विश्वाच्या दूरच्या टोकावरून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. जागा निवडताना शास्त्रज्ञांनी जमिनीची थरथर वर्षानुवर्षे मोजली. त्या काळजीचा शंभरावा भाग जरी जिल्ह्यातल्या रेडिओच्या मोजणीला मिळाला तरी पुरे.

सामुदायिक रेडिओचा उल्लेख थोडक्यात. २००६ च्या धोरणाने संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना शंभर वॅटचे केंद्र चालवण्याची वाट मोकळी केली. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि बारामतीची वसुंधरा वाहिनी ही महाराष्ट्रातली नावाजलेली उदाहरणे. जिल्ह्यातल्या कयाधू नदीच्या खोऱ्यात अशी दोन-तीन केंद्रे चालली तर पाचही तालुक्यांचे चित्र पालटेल. पण ती चालवायला माणसे आणि रोजचा खर्च लागतो, तो विषय मोठा आहे.

गाववार यादी करायची कशी? प्रत्येक महसुली मंडळातून काही जागा निवडाव्यात. एक गावठाणातली, एक शिवारातली, एक घराच्या आतली. सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री नऊ या वेळी परभणी १३०५, नांदेड १०१.१ आणि जवळचा जो कोणता लहान प्रक्षेपक असेल तो लावून पाहावा. स्वच्छ, कळण्याजोगे, तुटक, नाही, एवढे चार शेरे पुरेत. वीज असताना आणि नसताना वेगळी नोंद करावी. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा करावी, कारण जमिनीचा ओलावा बदलतो. आकाशवाणीच्या अभियंत्यांकडे मोजमापाची उपकरणे आहेत, त्यांनी निवडक ठिकाणी आकडे तपासावेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतली विज्ञानाची मुले उरलेले काम आनंदाने करतील, आणि लहरी, क्षितिज, दिवस-रात्रीचा फरक पुस्तकाबाहेर शिकतील. तयार झालेली यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि पिनकोडवरून मोबाइलवर दिसावी.

अशी यादी हातात असली की मागण्या नेमक्या करता येतात. परभणीचा मध्यम लहरींचा प्रक्षेपक बंद करण्याची किंवा बदलण्याची चर्चा कधी निघाली, तर कोणती गावे मुकी होतील ते नावानिशी दाखवता येईल. त्या जागी डीआरएम मागताना किती कुटुंबांना त्याचा लाभ होईल ते सांगता येईल. हिंगोली-सेनगाव पट्ट्यासाठी मोठ्या शक्तीचे एफएम मागताना मनोरा कोणत्या टेकडीवर हवा हेही सुचवता येईल. माझे मत असे की परभणीचे केंद्र डिजिटल करताना जुने प्रक्षेपण किमान काही वर्षे सोबत चालू ठेवलेच पाहिजे, आणि डीआरएम सेट अनुदानावर मिळाला पाहिजे, जसा ठिबकचा संच मिळतो.

वाचकांना विनंती आहे. तुमच्याकडे रेडिओ असेल तर आठवडाभर वर सांगितलेल्या तीन वेळी तो लावा. गावाचे नाव, तारीख, वेळ, लहर आणि शेरा एवढे एका कार्डावर लिहा आणि आकाशवाणीच्या परभणी किंवा नांदेड केंद्राला पाठवा. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.